माळ्यावरचा टेलिफोन पुन्हा बोलता करताना: तांब्याची लाईन, फायबर आणि मधला डबा

नाशिकमध्ये घरोघरी फायबर आलं आणि तांब्याच्या लँडलाईन एकेक करून बंद झाल्या. नंबर मात्र अनेकांनी ठेवला. ०२५३ चा तो नंबर गॅसच्या पुस्तकापासून बँकेच्या खात्यापर्यंत सगळीकडे लिहिलेला असतो, नातेवाइकांच्या तोंडी बसलेला असतो. फोनचं यंत्र तेवढं माळ्यावर गेलं. ज्या घरात सत्तरी-ऐंशीतली माणसं आहेत तिथे ते खाली काढावं असं मला मनापासून वाटतं. टचस्क्रीनवर बोट ओढून फोन घेणं अनेकांना जमत नाही. चार्जिंग संपतं, मोबाइल कुठे ठेवला ते आठवत नाही. घंटा वाजली, रिसीव्हर उचलला, बोललं: याहून सोपं काही नाही.

पंचवटीतल्या जुन्या वाड्यात काय किंवा गंगापूर रोडच्या नव्या सोसायटीत काय, फोन चालला नाही की दोष फोनला दिला जातो. बहुतेक वेळा फोन धडधाकट असतो. ज्या तारेला तो जोडला त्या तारेत काय येतंय हे कुणी पाहिलेलं नसतं. आधी तार तपासायची, मग फोन जोडायचा, याच क्रमाने पुढचं सगळं लिहिलं आहे.

फोनला काय लागतं

अ‍ॅनालॉग फोनला दोनच तारा लागतात. फोन ठेवलेला असताना त्या तारांत साधारण ४८ व्होल्ट डीसी असतो. रिसीव्हर उचलला की फोनमधून वीस ते चाळीस मिलीअँपिअर करंट वाहू लागतो, व्होल्टेज सहा ते बारापर्यंत उतरतं आणि समोरच्या यंत्राला कळतं की कुणीतरी फोन उचलला. घंटा वाजवायची असेल तेव्हा त्याच दोन तारांवर ७५ ते ९० व्होल्टच्या आसपास एसी येतो, सेकंदाला वीस-पंचवीस आवर्तनांचा. हे देणारं एक्स्चेंज असो किंवा भिंतीवरचा फायबरचा डबा, फोनला फरक पडत नाही.

घंटेच्या त्या व्होल्टेजचा झटका चांगलाच लागतो. तारा उघड्या असतील तर काम सुरू करण्यापूर्वी डब्यातून पिन काढून ठेवा. तांब्याची लाईन असेल तर घरात येणारी तारांची जोडी रोझेटमधून, म्हणजे ती जिथे उतरते त्या छोट्या डबीतून, सोडवा आणि तिची टोकं वेगवेगळी टेप लावून बाजूला ठेवा.

तुमच्याकडची लाईन कोणती

घरात चारपैकी एक परिस्थिती असते.

पहिली, बीएसएनएलची तांब्याची जोडी अजून जिवंत आहे. खांबावरून काळी ड्रॉप वायर येते आणि दाराजवळच्या चौकोनी रोझेटमध्ये उतरते.

दुसरी, फायबर आहे. भिंतीवर दिवे लुकलुकणारा डबा आहे, ज्याला आपण मोडेम म्हणतो आणि फायबरवाला ओएनटी म्हणतो. त्याच्या मागे इंटरनेटच्या रुंद खाचांशेजारी एक अरुंद खाच असते. तिच्यावर टेल, फोन, पॉट्स किंवा एफएक्सएस असं काहीतरी छापलेलं असतं. बीएसएनएलचं भारत फायबर, जिओ, एअरटेल यांच्या फायबरवर लँडलाईन याच खाचेतून मिळते.

तिसरी, इंटरनेट आहे, पण डब्याला फोनची खाच नाही. मग साधा फोन इंटरनेटला जोडणारा, एटीए नावाचा छोटा डबा मध्ये घालावा लागतो आणि परवाना असलेल्या कंपनीकडून इंटरनेट टेलिफोनीचा नंबर घ्यावा लागतो.

चौथी, कोणतीच लाईन नाही, फक्त मोबाइलचं सिम आहे. त्यासाठी सिम घालायचा फिक्स्ड वायरलेस टर्मिनल मिळतो. एका बाजूला अँटेना, दुसऱ्या बाजूला फोनची खाच. मळ्यातल्या घरात फायबर पोचलेलं नसेल तर हा मार्ग बरा. घरच्या वापरापुरतं हे ठीक आहे. असा डबा इंटरनेटला जोडून लोकांचे कॉल फिरवणं म्हणजे बेकायदा एक्स्चेंज चालवणं, आणि तो गुन्हा आहे.

सोसायटीच्या फ्लॅटमध्ये आणखी एक सॉकेट असतं, इंटरकॉमचं. दिसायला अगदी फोनच्या सॉकेटसारखंच. वॉचमनच्या केबिनमधल्या ईपीएबीएक्स यंत्रातून, म्हणजे सोसायटीच्या छोट्या एक्स्चेंजमधून, त्याला वेगळी वीज येते. ते फायबरच्या फोन खाचेला चुकूनही जोडू नका, दोन्हीकडची यंत्रं जळू शकतात. ऑफिसातून आणलेला, भरपूर बटणांचा डिजिटल फोनही घरच्या लाईनवर चालत नाही. तो त्याच्या स्वतःच्या यंत्राशीच बोलतो.

सामान

महागडं काहीच नको. साधा डिजिटल मल्टिमीटर, बारीक स्क्रू ड्रायव्हर, चांगल्या तांब्याची टेलिफोन वायर, आरजे-११ च्या, म्हणजे फोनच्या खाचेत बसणाऱ्या, काही पिना आणि त्या दाबायचा क्रिंपर. तारा जोडायला लाईनमन वापरतात ते जेली भरलेले यूवाय कनेक्टर मिळाले तर फार चांगलं. तारा न सोलता आत सरकवायच्या आणि पक्कडीने बटण दाबायचं. आतली जेली दमट हवा लागू देत नाही. तारा पिळून वर टेप गुंडाळलेला जोड आपल्याकडच्या एकाच पावसाळ्यात हिरवा पडतो आणि मग लाईनवर खरखर सुरू होते. एमजी रोडच्या दुकानांत यातलं बहुतेक सामान मिळतं. तिथे सामान घेताना एक साधा बटणांचा, टोन डायलचा फोनही घ्या. तपासणीसाठी तो लागणारच आहे.

तांब्याची लाईन असेल तर

रोझेटचं झाकण उघडा. आत दोन स्क्रू दिसतील. एका बाजूने बाहेरची जोडी आलेली असते, दुसऱ्या बाजूने घरातली वायर गेलेली असते. घरातली वायर सोडवून ठेवा. मल्टिमीटर डीसी २०० व्होल्टवर लावा आणि दोन्ही टोकं स्क्रूंना टेकवा. ४८ ते ५२ च्या दरम्यान आकडा आला की लाईन जिवंत आहे. आकड्याआधी वजाचं चिन्ह आलं तर टोकं उलटी लागली आहेत एवढंच. आकडा शून्य आला तर तार कुठेतरी तुटली आहे किंवा एक्स्चेंजमधून लाईन काढलेली आहे. वीस-तीस असा अर्धवट आकडा, तोही वर-खाली होत असेल, तर केबलमध्ये पाणी शिरल्याची शक्यता मोठी. त्यावर घरात काही उपाय नाही, तक्रारच नोंदवावी लागते. तक्रार करताना मात्र घरातली वायर सोडवून रोझेटवर एवढे व्होल्ट आले असं आकड्यासकट सांगा. दोष बाहेरचा आहे हे त्यातून ठरतं आणि लाईनमनचा घरातल्या वायरी शोधण्यात वेळ जात नाही.

आकडा बरोबर असेल तर याच दोन स्क्रूंवर तपासणीचा फोन जोडा. डायल टोन आला, मोबाइलवरून केलेला कॉल वाजला, बोलणं स्वच्छ ऐकू आलं, की मगच घरातली वायर परत लावा. त्यानंतर आवाज बिघडला तर दोष घरातला.

याच जोडीवर ब्रॉडबँडही चालत असेल तर प्रत्येक फोनच्या आधी स्प्लिटर किंवा फिल्टर हवाच. बोलणं ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये चालतं, इंटरनेट त्याच्या बरंच वर. मधला फिल्टर काढला की फोनवर सूं-सूं येते आणि घंटा वाजली की नेट तुटतं.

फायबरची फोन खाच

आधी कंपनीकडून व्हॉइस सेवा चालू करून घ्या. इंटरनेट चालू आहे म्हणजे फोनही चालू आहे असं नसतं. बहुतेक डब्यांवर फोनचा वेगळा दिवा असतो. तो स्थिर लागला म्हणजे नंबर नोंदला गेला. दिवा नसेल आणि फोन उचलल्यावर शांतता किंवा एंगेज टोन आला, तर सेटिंग कंपनीच्या माणसानेच करायची असते. त्या नंबरचा युजर आणि पासवर्ड ग्राहकाला सहसा देत नाहीत, त्यामुळे कंपनीचा डबा काढून स्वतःचा एटीए लावणं बऱ्याचदा शक्य नसतं. जुना ०२५३ चा नंबर तांब्यावरून फायबरवर न्यायचा असेल तर ते अर्जातच लिहून द्या. नवा नंबर लागल्यावर जुना परत मिळवताना खूप खेटे घालावे लागतात.

तपासणीचा फोन थेट डब्याला लावा. आरजे-११ ची पिन नीट बघा, बोलणं मधल्या दोन पिनांवरून जातं. चार तारांच्या चपट्या वायरीत या मधल्या दोन तारा सहसा लाल आणि हिरव्या असतात, बाहेरच्या काळी-पिवळी. रिसीव्हरच्या गुंडाळीदार वायरची पिन याहून अरुंद असते, ती ओढूनताणून लाईनच्या खाचेत बसवू नका. उलट आरजे-११ ची पिन इंटरनेटच्या रुंद खाचेत सहज शिरते. तिथे फोन तर चालत नाहीच, वर खाचेतल्या कडेच्या पिना वाकतात.

पोलिसांची, नातेवाइकांची, डॉक्टरांची गरज पडते तेव्हा घाईत नंबर चुकतो, म्हणून डायल करायची पद्धत घरातल्या सगळ्यांना दाखवून ठेवा. नाशिकमधल्या नाशिकमध्ये लँडलाईनला सात आकडे पुरतात. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावा लागतो. ज्येष्ठांच्या जुन्या डायरीतले मोबाइल नंबर शून्याशिवाय लिहिलेले असतात आणि फोन लागत नाही म्हणून ते रिसीव्हर ठेवून देतात, हे मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे. डायरीत प्रत्येक नंबरापुढे शून्य लिहून द्या, मोठ्या अक्षरात. फायबरवर शेवटचा आकडा दाबल्यावर काही सेकंद शांतता राहते. डबा आणखी आकड्यांची वाट पाहत असतो. बऱ्याच डब्यांवर शेवटी चौकटीचं (#) बटण दाबलं की कॉल लगेच जातो.

चकतीचा डायल

बेंगळुरूच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचे, म्हणजे आयटीआयचे काळे जड फोन अजून कितीतरी घरांत आहेत. ही कंपनी १९४८ सालची. त्या फोनच्या चकतीत बोट घालून फिरवलं आणि सोडलं की ती परत येताना लाईन सेकंदाला दहा वेळा या वेगाने तुटते-जुळते. पाच फिरवला की पाच वेळा, शून्य फिरवला की दहा वेळा. जुन्या एक्स्चेंजला हे मोजता येत होतं. फायबरच्या बहुतेक डब्यांना मात्र फक्त बटणांचे सूर कळतात. तपासायला एक आकडा फिरवा. डायल टोन थांबला तर डब्याला हे तुटणं-जुळणं, म्हणजे पल्स, कळतात. टोन तसाच चालू राहिला तर कळत नाहीत. बटणांच्या जुन्या फोनला खाली टी आणि पी असं छोटं स्विच असतं, ते टी वर सरकवलं की झालं.

चकतीच्या फोनला तीन वाटा आहेत. स्वतःचा एटीए असेल तर पल्स ओळखणारा निवडा. ग्रँडस्ट्रीमच्या एचटी ८०१ सारख्या डब्यात ही सोय सेटिंगमधून चालू करता येते. कंपनीचाच डबा वापरावा लागत असेल तर फोन आणि डबा यांच्या मध्ये पल्सचे सूर करणारा कन्व्हर्टर बसवता येतो. तो इथल्या दुकानात मिळणं अवघड, मागवावा लागतो. तिसरी वाट मला सगळ्यांत पटते: त्याच लाईनवर बटणांचा एक स्वस्त फोन समांतर लावा. नंबर त्याच्यावरून लावायचा आणि काळ्या फोनचा रिसीव्हर उचलून बोलायचं. घरी आलेले कॉल घ्यायला काळा फोन आहे तसा चालतो, घंटा वाजते, आवाजही येतो. ज्या आजी-आजोबांना बहुतेक वेळा फोन घ्यायचाच असतो, करायचा कमी, त्यांना एवढं पुरतं.

माळ्यावरून काढलेला काळा फोन थेट जोडू नका. तळाचे स्क्रू काढा, आतली धूळ मऊ ब्रशने झटका. रिसीव्हर ठेवायच्या दांड्याखाली पातळ पितळी पट्ट्यांचे संपर्क असतात, त्यांच्यावर काळपट थर चढलेला असतो. साध्या कोऱ्या कागदाची पट्टी त्या दोन संपर्कांच्या मध्ये ठेवून, दांडा हलकेच दाबून ती दोन-तीनदा ओढून काढा. कागदावर काळी रेघ उमटेल. पॉलिश पेपर वापरू नका, त्याने संपर्कावरचा मुलामा जातो. समोरच्याला तुमचा आवाज दबका ऐकू येत असेल तर रिसीव्हरच्या बोलायच्या बाजूला तळहाताने हलके ठोके द्या. जुन्या माइकमध्ये कार्बनचे कण असतात, ते वर्षानुवर्षं पडून एकमेकांना चिकटतात. ठोक्यांनी ते मोकळे होतात आणि आवाज उघडतो.

घंटा

घंटा वाजवायला डब्याला ताकद लागते आणि ती मर्यादित असते. धातूच्या वाट्यांची खरी घंटा बटणांच्या फोनच्या इलेक्ट्रॉनिक आवाजापेक्षा बरीच जास्त ताकद घेते. डब्याच्या माहितीपत्रकात आरईएन असा आकडा दिलेला असतो, तो या ताकदीचं माप. खऱ्या घंटेचा एक फोन ढोबळमानाने एक आरईएन खातो. डब्यावर तीन लिहिलं असेल तर असे दोन फोन आणि एक बटणांचा, इथेच थांबा. घंटा मरतुकडी वाजत असेल तर बाकीचे फोन काढून एकटा तोच लावून पाहा. एकटा नीट वाजला तर ताकद कमी पडत होती. एकटाही वाजत नसेल तर एटीएच्या सेटिंगमध्ये घंटेची वारंवारता २० वरून २५ हर्ट्झवर नेऊन पाहा. आपल्याकडच्या घंटा पंचविसावर बेतलेल्या आहेत. तिथेच घंटेचा ताल बदलता येतो. भारतातला ताल म्हणजे ०.४ सेकंद घंटा, ०.२ थांबा, पुन्हा ०.४ घंटा आणि मग दोन सेकंद शांतता. परदेशी तालातली लांबलचक घंटा ज्येष्ठांना आपली वाटत नाही. हा ताल लावला की शेजारच्या खोलीतूनही कळतं, आपलाच फोन.

नंबर दाखवणारा फोन नंबर दाखवत नसेल तर आधी ती सेवा चालू आहे का ते विचारा. मग सेटिंगमध्ये कॉलर आयडीचा प्रकार एफएसके आणि डीटीएमएफ (नंबर पाठवायच्या दोन पद्धती) असा आळीपाळीने बदलून बघा.

घरातल्या जुन्या वायरीवरून सगळ्या खोल्यांत

फायबरचा डबा हॉलमध्ये आणि आजोबांचा पलंग मागच्या खोलीत. नवी वायर ओढायची गरज नसते, जुनी तांब्याची वायर भिंतीतून गेलेलीच असते. पण त्याआधी रोझेटवर जाऊन बाहेरून येणारी ड्रॉप वायर दोन्ही स्क्रूंवरून सोडवाच. ती तशीच ठेवून डब्याचं टोक घरच्या वायरीला जोडलं आणि एक्स्चेंजमधून तिच्यावर अजून वीज येत असेल, तर दोन ४८ व्होल्ट समोरासमोर येतात आणि डब्याची फोन खाच जळते. वीज येत नसली तरी ती खांबावरून आलेली उघड्यावरची तार आहे. वळवाच्या पावसात वीज कडाडली की तिचा धक्का थेट घरात उतरतो. सोडवलेली टोकं वेगवेगळी झाकून त्यांवर 'बंद लाईन, जोडू नये' अशी चिठ्ठी लावा, म्हणजे पुढचा माणूस ती पुन्हा जोडणार नाही.

मग मल्टिमीटरने खात्री करा. घरच्या वायरीवर डीसी शून्य, एसीसुद्धा शून्य. त्यानंतर डब्यापासून जवळच्या सॉकेटला दोन टोकांना आरजे-११ लावलेली वायर जोडली की घरातली सगळी जुनी सॉकेटं जिवंत होतात. एकेक सॉकेट तपासणीच्या फोनने पाहा. घरातलं अंतर कितीही वाटलं तरी या कामाला ते किरकोळ आहे.

सतत घूं असा आवाज येत असेल तर फोनची वायर लाईटच्या वायरीबरोबर एकाच पट्टीतून गेली आहे का ते बघा. जुन्या वाड्यांत लाकडी पट्टीतून दोन्ही एकत्र नेलेल्या दिसतात. त्या वेगळ्या करा. आवाजासाठी करायच्याच, त्याहून जास्त जिवाच्या सुरक्षेसाठी.

लाईट गेल्यावर

तांब्याच्या लाईनला वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून येत होती, म्हणून घरात अंधार असतानाही फोन चालायचा. फायबरवर लाईट गेली की डबा बंद आणि फोनही बंद. हे ज्येष्ठांना कुणी सांगत नाही. ते जुन्या अनुभवावर विसंबून राहतात, आणि नेमक्या गरजेच्या वेळी रिसीव्हर मुका निघतो.

राउटरसाठीचा मिनी यूपीएस घ्या. घेण्यापूर्वी डब्याच्या अ‍ॅडाप्टरवरचा मजकूर वाचा. बहुतेक १२ व्होल्ट असतात, अँपिअर मात्र एक, दीड, दोन असे वेगवेगळे. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. एटीए वेगळा असेल तर डबा आणि एटीए दोघांनाही पुरवठा लागेल. घरात इन्व्हर्टर असेल तर डबा इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा. काही इन्व्हर्टर लाईट जाताना क्षणभर गप्प होतात आणि डबा नव्याने सुरू होतो. मग दोन-तीन मिनिटं फोन नसतो. त्या मिनिटांची अडचण होणार असेल तर मिनी यूपीएसही मध्ये घाला.

कॉर्डलेस फोनचा बेस घरच्या विजेवर चालतो, त्यामुळे यूपीएस असूनही तो बंद पडेल. म्हणून घरात निदान एक फोन असा ठेवा ज्याला स्वतःचं वीज कनेक्शन लागत नाही. तो ज्येष्ठांच्या खोलीत असावा.

सगळं जोडून झालं की मेन स्विच खाली करा. मोबाइलवरून घरच्या नंबरला कॉल लावा आणि त्यांनाच फोन घ्यायला सांगा. मग त्यांना त्यांच्या डायरीतल्या एखाद्या मोबाइलला, शून्य लावून, स्वतः फोन करू द्या. तात्काळ मदतीचा ११२ नंबर फोनशेजारी मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, पण चाचणीसाठी तो लावू नका. मेन स्विच तसाच खाली ठेवून मिनी यूपीएस किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून पाहा आणि ती वेळ त्याच कागदावर लिहा. बॅटरी दर वर्षी थोडी उतरते, म्हणून पावसाळा लागण्याआधी ही वेळ पुन्हा मोजा.